मानशीचं दार उघडं कुणी ठेवलं?

आमची आई पाव वजन करते. रोज नाही, पण महिन्यातून एकदा तरी सकाळी पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या भोंग्याचा पों-पों ऐकू आला की ती दारात जाते, उंडे म्हणजे गोल पाव घेते, आणि बायकोने केकसाठी आणलेल्या डिजिटल काट्यावर एक उंडो ठेवून जो आकडा येईल तो कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. हे सुरू झालं पाव चार रुपयांना होता तेव्हा, तिला वाटायला लागलं की पाव हाताला हलका लागतोय. संशय खरा निघाला. महिना-महिन्याला एखाद-दुसरा ग्रॅम गळत होता, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. मग पाव पाच रुपयांचा झाला तेव्हा वजन एकदम वर गेलं, आणि आता परत सावकाश उतरणीला लागलंय.

आईचा निष्कर्ष ठरलेला. पोदेर लबाड झाले. पूर्वीचे पोदेर असे नव्हते.

मी हायर सेकंडरीत अकाउंट्स शिकवतो, त्यामुळे मला लबाडीच्या आधी हिशोब दिसतो, ही माझी सवय म्हणा की खोड. मैदा, लाकडं, सायकलवरून पाव पोचवणाऱ्या मुलाची मजुरी हे सगळं थोडं थोडं वाढत जातं. पावाची किंमत मात्र थोडी थोडी वाढू शकत नाही, ती उडी मारते, चारावरून थेट पाच, म्हणजे एका सकाळीत २५ टक्के. साडेसहा वाजता दारात उभं राहून साडेचार रुपये सुटे कोण देणार आणि कोण घेणार? शिवाय गोव्यात पावाचा भाव एक रुपयाने वाढला की पेपरात बातमी येते, विरोधी पक्ष बोलतो, सरकार बैठक घेतं. एवढी सगळी उठाठेव टाळायची तर दोन उड्यांच्या मधल्या वर्षांत हलवता येण्यासारखी एकच गोष्ट पोदेराच्या हातात उरते, ती म्हणजे गोळ्याचं वजन. हे मी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू त्याची बाजू घेतोस." मी बाजू घेत नव्हतो, पण आमच्याकडे कारण सांगणं आणि बाजू घेणं यात कोणी फरक करत नाही, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे, पावापासून आमच्या मानशीपर्यंत, म्हणजे शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत.

आपल्याकडे काहीही बिघडलं की पहिल्यांदा माणसाचा स्वभाव काढतात. शेतं पडीक? तरुण पोरं आळशी. टॅक्सी महाग? टॅक्सीवाले लुटारू. घरं बंद? पैशाचा माज, नाहीतर भावाभावांत एकी नाही. दुपारी दुकान बंद? सुशेगाद, म्हणजे निवांत लोक. ग्रामसभेत बसलो की दर वेळी हेच, एक जण उठतो, 'लोकच बिघडलेत' म्हणतो, सगळे माना डोलावतात, आणि मग पुढचा विषय. स्वभावावर उपाय नसतो ना, ठराव तरी काय घेणार?

दुपारच्या दुकानाचंच घ्या. आमच्या तिठ्यावरचा पसरकार, म्हणजे किराणा दुकानदार, एक ते चार बंद असतो. पर्यटकाला हा गोव्याचा संथपणा वाटतो, फोटो काढतो. पण त्याचं दुकान म्हणजे तो, त्याची बायको आणि शाळा सुटल्यावर मुलगा. एप्रिलच्या उन्हात दोन वाजता गिऱ्हाईक येणार किती, मोजून तीन, आणि ती तिघं चार वाजताही येणारच आहेत कारण साखर दुसरीकडे कुठे मिळणार. पणजीतलं एसी सुपरमार्केट त्याच वेळी उघडं असतं कारण तिथे पगार शिफ्टचा आहे, भाडं चालू आहे, दार बंद केलं तर नुसता खर्च. दोन्हीकडे माणसं गोंयकारच आहेत हो.

मासळी बाजारातही तेच. माझ्याशी कोकणीत बोलते ती बाई मला इसवणाचा, म्हणजे सुरमईचा एक भाव सांगते आणि शेजारी हाफ पँटमधल्या पाहुण्याला हिंदीत दुसरा, आणि वर मला म्हणते, "तुका म्हूण सांगतां." ती कपडे वाचते, भाषा वाचते, घड्याळ वाचते. सकाळी भवानीच्या वेळी एक भाव, संध्याकाळी सातला दुसरा, कारण उद्यापर्यंत ठेवायचं तर बर्फ लागतो आणि मासा काही तरुण होत नाही. विमान कंपन्या नेमकं हेच करतात आणि त्याला कोणी लूट म्हणत नाही, कॉम्प्युटर करतो म्हणून बहुतेक.

टॅक्सीचं प्रकरण जरा जास्त गुंतागुंतीचं, आणि त्यावर गोव्यात इतका धुरळा उडालाय की मला बोलायलाही भीती वाटते. ओला-उबर इथे चालत नाहीत, २०१८ ला गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं त्यावरून आंदोलनं झाली, मीटर बसवायचे की नाही यावर कोर्टकचेरी झाली. पर्यटक म्हणतो दहा किलोमीटरला एवढे पैसे ही लूट आहे. टॅक्सीवाला म्हणतो ईएमआय सुटत नाही. आपल्याला वाटतं दोघांतला एक खोटं बोलतोय. मी एकदा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलबाहेर मित्राची वाट बघत तासाभर बसलो होतो, समोर टॅक्सींची रांग. सकाळी आठपासून उभा असलेला एक जण दुपारी बारापर्यंत जागचा हलला नव्हता. त्या एका भाड्यात त्याला अख्खा दिवस बसवायचाय आणि परतीचा रिकामा फेराही. भाडं जास्त म्हणून आणखी चार जण कर्ज काढून गाडी घेतात आणि रांगेला लागतात, रांग वाढली की प्रत्येकाचा नंबर उशिरा लागतो, नंबर उशिरा लागला की आहे ते भाडं परवडत नाही आणि ते अजून वाढवावंसं वाटतं. भाड्यातला जास्तीचा पैसा कुणाच्याच खिशात जात नाही, तो त्या रांगेत उन्हात बसून संपतो. म्हणजे लूट म्हणणाराही खरा आणि परवडत नाही म्हणणाराही खरा. पण हे बोलायला गेलं की दोन्हीकडून शिव्या, कारण कुणा एकाला खलनायक केल्याशिवाय आपल्याला गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. ती म्हणजे आमची मानस.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोव्यात नदीच्या खाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेतं आहेत, खाजन म्हणतात त्याला, मांडवी, जुवारी, शापोरा, साल या नद्यांच्या काठाने, मिळून साधारण १८ हजार हेक्टर सांगतात. माती, गवत आणि चिऱ्यांचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी ही जमीन पाण्यातून काढली. बांधात जिथे पाण्याला वाट ठेवलेली असते ती मानस. तिला लाकडी दारं. भरती आली की बाहेरचं पाणी दार ढकलून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही, माणूससुद्धा नाही, चंद्रावर चालणारं यंत्र. पावसाळ्यात पहिल्या सरींनी शेतातलं मीठ धुऊन निघतं आणि मग खारेपणा सोसणारं कोरगूट नावाचं भात पेरतात. आणि ओहोटीला पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, काळुंद्र्या, शेवटाळी जे काय असेल ते आपोआप त्यात येतं. ही मासे धरायची परवानगी लिलावाने देतात, त्या लिलावाला आम्ही पावणी म्हणतो, आणि ती घेणारा तो कंत्राटदार.

आता गंमत बघा. मासे धरणाऱ्याला खारं पाणी आत जास्त आलेलं हवं, कारण पाण्याबरोबर मासे येतात. भात लावणाऱ्याला खारं पाणी आत एक थेंब नको. एकाच दारावर दोघांचा पोटापाण्याचा प्रश्न, आणि दोघांचं हित नेमकं उलटं.

गेल्या वर्षी मे महिन्यात ओहोटीच्या वेळी मी मानशीवर गेलो होतो, शेजारचा एक म्हातारा शेतकरी बरोबर होता. तो वाकला आणि दाराच्या खालच्या कडेला बोट दाखवलं. तिथे फळकुटाचा एक तुकडा अडकवलेला, वीतभर लांब, पाण्यात राहून काळा पडलेला. त्या तुकड्यामुळे दार पूर्ण मिटत नव्हतं, चार बोटांची फट राहत होती. चार बोटांची फट, दिवसातून दोन भरत्या, वर्षाच्या सातशेच्या वर. म्हाताऱ्याने तो तुकडा काढला नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, "काडून किते करूं? फाल्यां परत घालतलो." म्हणजे काढून काय करू, कंत्राटदार उद्या परत घालेल. आणि वर म्हणाला, त्याचं स्वतःचं शेत तसंही तीन वर्षं पडीक आहे, मजुराचे पैसे भातातून निघत नाहीत, मुलगा वेर्ण्याला कंपनीत जातो.

ग्रामसभेत यावर नेहमीचं भाषण झालं. कंत्राटदार लोभी, शेतकरी आळशी, पंचायत झोपलेली. मी तिथे उठून एवढंच विचारलं की कंत्राटदाराची मुदत किती आणि बांधाचं आयुष्य किती? हसले लोक. पण प्रश्न तोच आहे. ज्याला मानस एक-दोन वर्षांसाठी मिळते, पुढच्या वेळी ती आपल्याकडे राहीलच याची खात्री नसते आणि पैसे आधी भरलेले असतात, तो बांधाच्या पंधराव्या वर्षाचा विचार कशाला करेल? त्याच्या जागी मी असतो तर फळकूट जरा मोठंच घातलं असतं कदाचित.

पूर्वी हे का होत नव्हतं? पूर्वीची माणसं संत होती म्हणून? तर नाही. पूर्वी खिसा एक होता. गावची जमीन गावकारीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेची, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं आणि जिचे रीतिरिवाज १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत लिहून घेतले. शेतं गावकारीच लिलावाने कसायला द्यायची, मानशीची पावणीही तीच करायची, बांधाचा खर्चही तीच करायची, आणि सगळं भागवून जे उरेल ते झोण म्हणून गावकारांत वाटायची. मासे जास्त धरायच्या नादात शेत खारं झालं तर पुढच्या वर्षी शेताचा खंड कमी येणार आणि झोण कमी होणार, म्हणजे ज्याला मासळीचा फायदा त्यालाच भाताचा तोटा. मग दारावर नजर ठेवायला वेगळी नैतिकता लागत नाही.

मात्र इथे एक सांगायलाच हवं, कारण कोमुनिदादीचं नाव काढलं की काही लोकांचे डोळे भरून येतात. ती व्यवस्था गावकारांची होती, त्यांच्या पुरुष वंशजांची. चिखलात उभं राहून बांध घालणाऱ्याला त्या झोणात वाटा नव्हता. माझे आजोबा कूळ होते. १९६४ चा कूळ कायदा आणि मग १९७६ ची पाचवी दुरुस्ती आली नसती तर आज मी अकाउंट्स शिकवत नसतो. कसणाऱ्याला जमीन मिळाली ते योग्यच झालं, त्यावर माझ्याकडून एक शब्द उलटा येणार नाही. पण जमीन देताना एका खिशाचे चार खिसे झाले हे कोणी मोजलं नाही. शेत कुळाचं, मानशीची पावणी कुळांच्या संघटनेची, मासे कंत्राटदाराचे, आणि बांध फुटला की दुरुस्तीचा पैसा सरकारचा. आता बांध फुटण्यात नुकसान नक्की कुणाचं? ज्याचं शेत पडीक आहे त्याचं नाही. कंत्राटदाराचं तर नाहीच. संघटनेला पावणीचा पैसा येतो, आणि शेत पडीक असलं तर पावणी उलट चढते. सरकारचा पैसा म्हणजे कुणाचाच नाही. आणि रस्त्याकडेच्या पडीक शेतावर डोळा ठेवून बसलेले लोक असतातच, कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, माती टाकून भरता येत नाही असं कितीही असलं तरी. पाणी काही वर्षं आत राहिलं की खारफुटी उगवते, खारफुटी उगवली की ती तोडायला मनाई, मग शेत परत करायची वाटही बंद. चार बोटांच्या फटीतून इथपर्यंत.

सामायिक मालमत्ता म्हणजे ओरबाडली जाणारच, एकतर खासगी करा नाहीतर सरकारकडे द्या, असं मत बराच काळ चालायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची कुरणं, पाटबंधारे, मासेमारीची गावं अभ्यासून दाखवलं की असं काही नाही, लोक आपापले नियम करून शतकानुशतकं सामायिक गोष्टी सांभाळतात, फक्त नियम करणारे आणि भोगणारे तेच लोक असावे लागतात, कोणीतरी पहारा करावा लागतो आणि चुकणाऱ्याला दंड व्हावा लागतो. २००९ ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. आमच्या आजोबांना हे आधीच माहीत होतं असं म्हणायचा मोह होतो, पण आजोबांना नोबेल मिळालं नाही आणि झोणही नाही.

तर माझं म्हणणं असं की आमच्या पंचायतीच्या फळ्यावर, जिथे आता फक्त घरपट्टीची नोटीस आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर असतं, तिथे चार आकडे लावा. मानस कितीला गेली, किती मुदतीला गेली, बांधावर त्या वर्षी किती खर्च केला, आणि किती शेत लावलं गेलं. बस. कंत्राटदाराची मुदत वाढवा, पण त्याची अनामत बांधाच्या हालतीला बांधून ठेवा, शेत खारं झालं तर अनामत गेली. आणि ज्याचं शेत लागलंय त्याला पावणीतला वाटा जास्त द्या, पडीक ठेवणाऱ्याला कमी, म्हणजे त्या म्हाताऱ्याला फळकूट काढण्यात दोन पैसे तरी दिसतील. यातलं काही चुकीचं असेल, मी शेतीतला माणूस नाही. पण निदान यावर भांडता येतं. 'लोक लोभी झालेत' यावर भांडताच येत नाही.

माझा एक सहकारी मराठी शिकवतो, त्याला हे सगळं ऐकवलं तर वैतागला. म्हणाला, तुम्ही अकाउंट्सवाले सगळं पैशात मोजता, उद्या आईच्या मायेचा ताळेबंद मांडाल. त्याचं अर्धं बरोबर आहे. आमच्या वाड्यावर एक गावकार आजोबा होते, झोणाची रक्कम इतकी की बसचं भाडंही सुटत नव्हतं, तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर्षातून एकदा जायचेच, सही करून ते चार पैसे घेऊन यायचे. पैशाचा हिशोब केला तर वेडेपणा. त्यांना वहीत आपलं नाव बघायचं होतं. आता मी म्हणतो, हेही हिशोबातच धरा की. माणसाला मान हवा असतो, लाज वाटते, शेजारी काय म्हणेल याची भीती असते, आणि हे सगळं पैशाइतकंच खरं चलन आहे, कधी कधी जास्त. जो हिशोब हे सोडून देतो तो कच्चा.

आणि दुसरं अर्धं. कारण कळलं म्हणजे माफी मिळाली असं नाही. शेत भरायला परवानगी देणाऱ्यालाही त्याचं कारण असतंच, आणि ते पाकिटात मावतं. चोरालाही असतं. त्याला पकडायचं ते पकडा. पण एक चोर पकडल्यावर त्याच खुर्चीवर दुसरा बसून तेच करत असेल तर एकदा खुर्चीखाली वाकून बघायला काय हरकत आहे?

असो. मानशीचं झालं ते गावाचं, आता घरचं सांगतो, कारण दुसऱ्याच्या बांधाबद्दल बोलणं सोपं असतं.

आईचं माहेर डिचोलीकडे. मोठं घर, मधे चौक, मातीच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे तुळस. बंद आहे. गोव्यात अशी घरं किती, तर २०११ च्या जनगणनेत पाचातलं साधारण एक घर रिकामं निघालं होतं, त्यात बाहेरच्यांचे सुट्टीतले फ्लॅट बरेच, पण आमच्यासारखीही कमी नाहीत. लोक म्हणतात भावंडांत एकी नाही. आमच्यात भांडण अजिबात नाही हो, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी चौदा गुड मॉर्निंग पडतात.

आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, १८७० पासून लागू, आणि वारशाचा त्याचा सगळा गाभा २०१२ च्या गोव्याच्या कायद्यातही तसाच आलाय. मुलगा-मुलगी समान वाटा, आणि देशात बाकी ठिकाणी हे स्वप्न होतं तेव्हा इथे ते कागदावर होतं, याचा मला अभिमान आहे. नवरा-बायकोची मालमत्ताही साधारण दोघांची अर्धी-अर्धी. पण त्याचा एक परिणाम असा की आईच्या वडिलांची पाच मुलं, त्यातली आई आणि एक मामा हयात, बाकी तिघांची मिळून बारा मुलं, म्हणजे चौदा वाटेकरी, त्यात जोडीदार धरले तर घर विकायला सव्वीस सह्या. मुंबई, पुणे, बेळगाव, दुबई. एकाने नाही म्हटलं की संपलं. आणि नाही म्हणायलाही कोणी लागत नाही, नुसतं उत्तर दिलं नाही तरी पुरतं.

विकणं सोडा, कौलं परतायची म्हटली तर तीन लाख. माझ्या मावसभावाचा वाटा विसावा. त्याने खिशातून तीन लाख घातले आणि समजा घराची किंमत दहा लाखांनी वाढली, तरी त्याच्या वाट्याला पन्नास हजार. अडीच लाख त्याने उरलेल्यांना भेट दिले. चांगला मुलगा आहे, पण इतका चांगला कशाला असेल? म्हणून सगळे थांबतात. गळती आधी वळचणीला होती, मग माजघरात आली, आता देवघराच्या वाशाला वाळवी आहे. सगळ्यांची मालकी असल्यामुळे कुणालाच हात लावता येत नाही. ओरबाडल्यामुळे बांध जातो आणि हातच न लागल्यामुळे घर जातं.

मात्र याच घरात, याच चौदा जणांत, एक गोष्ट आजपर्यंत एकदाही चुकलेली नाही. चतुर्थी. दीड दिवसाचा गणपती, पाच शाखांची पाळी, ज्याची पाळी त्याने चार दिवस आधी येऊन घर उघडायचं, जाळी काढायची, भटाला सांगायचं, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, रानफळांपासून नारळाच्या घडापर्यंत सगळं बांधायचं, दोन दिवस सगळ्यांना जेवायला घालायचं. २०२० च्या साली, ते कोरोनाचं वर्ष, दुबईच्या भावाची पाळी होती आणि तो येऊच शकत नव्हता, तर बेळगावच्याने पाळी बदलून घेतली, कुणी सांगावं लागलं नाही. हीच माणसं, तेच घर, तोच विसावा वाटा. गळक्या छपराखाली बादल्या ठेवून आरती होते, पण आरती होतेच. पाळी कुणाची हे पोराटोरांना माहीत असतं, खर्चाला मर्यादा असते, आपण केलं की पुढची चार वर्षं दुसरे करणार याची खात्री असते, आणि पाळी चुकवली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. छपराला यातलं एकही नाही.

म्हणून मागच्या चतुर्थीला मी स्टँप पेपरवर एक साधं लिहून नेलं होतं. जो कोणी घराच्या दुरुस्तीला पैसे घालेल त्याचे पैसे, वर ठरलेल्या व्याजासकट, घर विकताना किंवा वाटणी होताना आधी परत, उरलेल्याचे वाटे नंतर. बिल ग्रुपवर टाकायचं. एवढंच, अर्धं पान. दुपारी जेवणं झाल्यावर, सगळे चटईवर आडवे झालेले असताना वाचून दाखवलं. मामाने लगेच सही केली, चष्माही न लावता. आईने दोनदा वाचायला लावलं, व्याज किती टक्के ते विचारलं, मग केली. बेळगावच्याने केली. पुण्याचा म्हणाला बायकोला विचारतो, बायको स्वयंपाकघरातून म्हणाली मला काय विचारायचंय, करा. मुंबईची मावसबहीण म्हणाली सासरी कळवते मग बघू. दुबईच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्याला आवाज नीट येत नव्हता, किंवा येत होता.

सव्वीसपैकी नऊ झाल्यात. पुढची पाळी आमच्याकडे आहे, म्हणजे चार दिवस आधी जाऊन घर आम्हीच उघडायचं. आई म्हणते कागद माटोळीच्या खालीच ठेव, तिथून कोणी उठून जाऊ शकत नाही.